मधुमालतीच्या भरवशावर

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीच्या बागेला कुंपण आहे, असं आम्ही सगळे बरीच वर्षं समजत होतो. मे महिन्यात माळ्याने मधुमालती जरा जास्तच छाटली आणि अख्खं कुंपण रस्त्याकडे लवंडलं. खांबांनी वेल धरला नव्हता, वेलाने खांब धरले होते.

खांब उपटून पाहिले तर वरून ठणठणीत. मातीतलं टोकही बरं. कुजला होता तो फक्त जमिनीलगतचा चार बोटांचा पट्टा. तिथे नख लावलं की चहात बुडवलेल्या टोस्टसारखं लाकूड हातात येत होतं. कुजवणाऱ्या बुरशीला ओलही लागते आणि हवाही. खोल मातीत हवा कमी, वर ऊन-वाऱ्याने ओल कमी. दोन्हींची चंगळ नेमकी जमिनीच्या रेषेवर. त्यात मागच्या कमिटीने हौसेने प्रत्येक खांबाभोवती सिमेंटचं आळं केलेलं. झाडाला करतात तसं, मधोमध खोलगट! म्हणजे पावसाळाभर खांब पाण्यात पाय सोडून बसलेले. उरलंसुरलं वाळवीने पाहून घेतलं.

मग मीटिंग. मुंबईत तीन कोटेशनं मागवल्याशिवाय खिळाही ठोकता येत नाही.

“सागवान लावा, नातवंडं नाव काढतील,” तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले. सागाचा गाभा टिकतो हे खरंच. पण सागाच्या नावाखाली बाहेरचं फिकट लाकूड गळ्यात मारलं, तर ते इतर कुठल्याही लाकडाइतक्याच तत्परतेने कुजतं. शिवाय रे रोडच्या वखारीतला भाव ऐकून खजिनदारांनी पंखा वाढवायला सांगितला.

जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा विषय निघाला. “वेल्डिंग केलं की तिथला जस्ताचा थर जळतो, आणि शेजारी खाडी,” सेक्रेटरी म्हणाले. पाइप बाद.

राहिले सिमेंटचे खांब. “सिमेंटचं कौतुक मला नका सांगू,” आजोबा उसळले. “आतली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. आपल्या जिन्याचा स्लॅब बघा!”

मुद्दा बिनतोड होता. सळईवर काँक्रीटचा पुरेसा जाड थर असला तरच खांब टिकतो. पण जिन्याचा स्लॅब म्हणजे इमारतीची दुरुस्ती आणि दुरुस्ती म्हणजे प्रत्येकाची वर्गणी! जाड थराच्या अटीवर सिमेंटचे खांब तत्काळ, एकमताने मंजूर झाले. इतकं एकमत आमच्याकडे गणपतीच्या प्रसादावरही होत नाही.

खड्डे दोन फूट खोल हवे होते. पहार पहिल्याच घावात ठण्ण वाजली. आमची बाग बिल्डरच्या राड्यारोड्यावर फुलली आहे हे तेव्हा समजलं. फरशांचे तुकडे, विटा आणि एका ठिकाणी चक्क अर्धा कमोड निघाला. मोगरा तिथेच सर्वांत जास्त का बहरतो, यावर कोणीच बोललं नाही.

खांब ओळंब्यात धरताना गॅलऱ्या भरल्या. “जरा डावीकडे!” दुसऱ्या मजल्यावरून. “अहो, उजवीकडे!” समोरच्या विंगमधून. मिस्त्री दोघांनाही “हो साहेब” म्हणत होता आणि खांब जागचा हलवत नव्हता. ही कला कमिटीत कोणाला येत नाही. खांबाच्या बुडाशी ओतलेल्या काँक्रीटचा माथा मात्र त्याने मी न सांगताच बाहेरच्या बाजूला उतरता केला, पाणी साचू नये म्हणून.

“आता सात दिवस पाणी मारा,” तो म्हणाला. आमच्याकडे तेव्हा पाणीकपात चालू. वॉचमन बादली घेऊन निघाला की प्रत्येक मजल्यावरून एकच प्रश्न: “कोणाच्या टाकीतलं?” शेवटी कपडे धुतलेलं पाणी कुंपणाला अर्पण झालं. काँक्रीटला ते चालतं का, हे मिस्त्रीला विचारायची हिंमत झाली नाही.

बिल घ्यायला आला तेव्हा मिस्त्री खांबावर थाप मारून म्हणाला, “याच्याकडे आता बघायला नको. जाळी मात्र साधी आहे हां. खाडीच्या हवेत दोन पावसाळे काढेल.”

सेक्रेटरींनी चष्मा काढला. खजिनदारांनी पंख्याकडे पाहिलं.

“जाळीऐवजी सागवानी पट्ट्या मारल्या तर?” आजोबांनी विचारलं.