एक्स-रेच्या खोलीत सासू येत नाही

धाकटा भाऊ तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर, मी बर्मिंगहॅमला इमर्जन्सीत. परवा फोनवर आमची जुंपली. त्याचं म्हणणं, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलम ३०९ १ जुलै २०२४ ला गेलं, सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न तेवढा गुन्हा उरला. मग विष घेतलेल्या पेशंटच्या खाटेशी पोलीस कशाला? इंग्रजांनी स्वतःकडे हा गुन्हा १९६१ सालीच रद्द केला. आपल्या गळ्यात घातलेला आपण एवढी वर्षं वागवला. इथवर मीही त्याच्या बाजूने.

पण मला माझी विदर्भातली कॅज्युअल्टी आठवते. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक प्यायलेला पुरुष आला की पहिला प्रश्न, 'कर्ज किती?' बाई आली की, 'घरात काही झालं का?' आणि तो विचारायचा सासूला! उपचारात फरक नव्हता. छातीतली घरघर थांबेपर्यंत उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन दोघांनाही. फरक केसपेपरवर. बाईच्या पेपरवर बहुधा 'चुकून प्राशन'. खोकल्याचं औषध समजून प्यायली म्हणे. ज्या वासाने आम्हाला रात्रभर मळमळायचं, तो तिला आला नाही? मीही निमूट तेच लिहिलंय.

एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस म्हणून नोंद, झाली की हवालदार यायचा. कटकटच, पण त्या बाईला काही विचारणारा बाहेरचा माणूस तोच. उद्या छळाची केस उभी राहिली तर आधार त्याच कागदाचा. फक्त जबाब तो नवऱ्यासमोर घ्यायचा.

इथे बहुतेक केसेस पॅरासिटामॉलच्या. साध्या दुकानात एका पाकिटात १६ च गोळ्या, हा १९९८ चा नियम. गोळ्या घेतल्यापासून चार तासांनी रक्त तपासायचं, लागलं तर अ‍ॅसिटिलसिस्टीन या उताऱ्याचं सलाईन. पोलीस सहसा नसतात. मानसोपचार विभागाची नर्स सोबतच्याला चहाला पिटाळते, पडदा ओढते आणि विचारते, 'घरी भीती वाटते का?' आपल्याकडून लग्न होऊन आलेल्या एका मुलीचा नवरा 'मी सांगतो ना' म्हणत राहिला. नर्सने फोनवर दुभाषी घेतला.

इथलं सगळं छान आहे असं नाही. तिसऱ्यांदा आलेल्या मुलीकडे 'पुन्हा हीच' अशा नजरेने बघणारे इथेही भेटतात. आणि पुरुष दारू उतरली की सुई उपटून, कुणी बोलायच्या आत निघून जातो. त्याला फारसं अडवत नाही कुणी. इंग्लंड-वेल्समध्ये आत्महत्येने मरणाऱ्या चौघांत साधारण तिघे पुरुष असतात, तरी.

भावाला म्हटलं, पोलीस घालव, पण आधी पडदा लाव.

"एका खाटेवर दोन पेशंट असतात, ताई. पडदा कुठून आणू?"

मग तिला एक्स-रेला ने, म्हटलं. तिथे सासूला बाहेरच थांबावं लागतं.