साडेसहाची मैफल आणि तीन परमिट रूम

नोकरीनिमित्त बंगळुरूला गेलेला मित्र सुट्टीला सांगलीत आला की त्याला पबक्रॉल करायचा असतो. म्हणजे एका संध्याकाळी एका ठिकाणी बसायचं, एकच ग्लास घ्यायचा, उठायचं, दुसऱ्या ठिकाणी जायचं, तिथंही एकच, मग तिसरं. मधे कुठंतरी लाईव्ह कॉन्सर्ट. "लगा, आम्ही दर शनिवारी करतोय," हे वाक्य तो अशा सुरात टाकतो, की सांगली अजून रॉकेलच्या दिव्यावर चालली आहे असं वाटावं.

तसं बघितलं तर आपल्याकडं कमी काय आहे? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक इथंच उभं केलं. शेजारी मिरजेत सतारी आणि तंबोरे बनतात. भावे नाट्यमंदिरात नाहीतर एखाद्या मैदानावर बऱ्याच शनिवारी काहीतरी चालू असतं. स्टेशन चौकापासून विश्रामबागेपर्यंत परमिट रूमचीही वानवा नाही. घोडं अडतं ते वेळेपाशी. ही सगळी भानगड दारूची नाहीच, वेळापत्रकाची आहे, आणि ते वेळापत्रक आपल्या हातात नसून वेटर, निवेदक आणि मूत्राशय या तिघांच्या हातात आहे.

आधी वेटर. परमिट रूम ही बसायची जागा आहे. तिथं माणूस पडद्याआड शिरतो तो दोन-तीन तासांच्या बोलीनं. 'एकच घेऊन निघतो' हे गिऱ्हाईक तिथल्या यंत्रणेला माहीत नाही. एकाच पेगवर बिल मागितलं की वेटरचा चेहरा पडतो, मग मॅनेजर येतो, "साहेब, सर्व्हिसमध्ये काय कमी पडलं काय?" त्यांची समजूत काढण्यात पाच मिनिटं जातात. ही पाच मिनिटं हिशेबात धरावीत.

बाकीचा हिशेब असा. ऑर्डर दिल्यापासून ग्लास यायला सात-आठ मिनिटं. मसाला पापड तीन मिनिटांत येतो, कारण कांदा-टोमॅटो आधीच चिरून ठेवलेला असतो. चिकन सिक्स्टीफाय सांगितलं तर वीस-पंचवीस मिनिटं गेलीच, आणि ते घाईत आलं तर हाडापाशी कच्चं निघतं. म्हणून पबक्रॉलमध्ये तळणीचं काही सांगू नये. पापड, काकडी आणि टेबलावर फुकट येणारे खारे शेंगदाणे एवढ्यावर भागवावं. ते शेंगदाणे प्रेमापोटी फुकट नसतात. मिठानं तहान लागते आणि तहानेपोटी पुढची ऑर्डर जाते. हेच काम भडंग जास्त जोमानं करतं.

खरी गाठ बिलाची. ग्लास येतो आठ मिनिटांत, बिल येतं पंधरा मिनिटांत, सुट्टे पैसे कधी येतात ते विचारू नये. तळघरातल्या एसी सेक्शनमध्ये मोबाईलला रेंज नसते, त्यामुळं क्यूआर कोडपुढं फोन धरून तो चाकाचा गोल फिरताना बघत बसावं लागतं. उपाय साधा आहे: नॉन-एसीत काउंटरजवळचं टेबल धरायचं, ऑर्डर देतानाच 'बिल बरोबरच आण' म्हणायचं आणि खिशात शंभराच्या नोटा ठेवायच्या. नॉन-एसीत दरही कमी असतात. मित्राला मात्र 'अँबियन्स' पाहिजे असतो. तो निळ्या बल्बखाली, माशांच्या टाकीशेजारी बसतो आणि तिथंच अडकतो.

आता मापाकडं येऊ, कारण सगळे गैरसमज इथं आहेत. मित्र म्हणतो, "मी काय हार्ड घेत नाही बाबा, फक्त बिअर." समोर येते ती ६५० मिलीची स्ट्राँग बाटली. तिच्यात ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल, म्हणजे सुमारे ५२ मिली. व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते. तिच्या ६० मिलीच्या मोठ्या पेगात, म्हणजे लार्जमध्ये, सुमारे २६ मिली निघतं. म्हणजे 'फक्त बिअर' घेणाऱ्यानं दोन लार्ज मारलेले असतात आणि शेजारी एक लार्ज घेऊन बसलेल्या माणसाला तो संयमाचे धडे देत असतो. तीन ठिकाणी तीन बाटल्या म्हणजे सहा लार्ज. क्वार्टर १८० मिलीची असते, तीन लार्जची. गडी दोन क्वार्टर पिऊन वर 'हलकंच घेतलं' म्हणतो. एका ठिकाणी एक ग्लास हा नियम पाळायचाच असेल तर ३३० मिलीची पिंट सांगावी, नाहीतर स्मॉल. स्मॉल म्हणजे तीस, आणि तो मापानंच ओतायला लावावा. हातानं ओतलेला तीस हा ओतणाऱ्याच्या मूडवर असतो.

वाईनचा विचार करू नये. तासगावची द्राक्षं जगभर जातात, पलूसला वाईन पार्कसुद्धा आहे, पण परमिट रूममध्ये वाईन मागितली की वेटर आधी टेबलावर आजारी कोण आहे ते बघतो. मग पाण्याच्या ग्लासात बर्फ घालून आणतो.

एवढं सगळं जमवून साडेसहाच्या कार्यक्रमाला पोचायचं, म्हणून मित्र पाचला निघायची घाई करतो. ही घाई फुकट आहे. पत्रिकेवर साडेसहा म्हणजे दीपप्रज्वलन पावणेसातला. मग प्रतिमापूजन, स्वागत, प्रास्ताविक, प्रायोजकांचा सत्कार, त्यांच्या मातोश्रींचा सत्कार, साऊंडवाल्याचाही सत्कार. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो. फोटोत कुणीतरी राहतो, म्हणून परत फोटो. निवेदकाला माईक मिळाला की पहिल्या गाण्याआधी त्याच्या चार चारोळ्या धराव्यात. पहिला सूर साडेसातच्या आत कानावर पडला तर नशीब.

म्हणजे तासभर हातात आला, असं मित्राला वाटतं. इथं तिसरा अधिकारी जागा होतो. शरीरात पाणी धरून ठेवणारं एक संप्रेरक असतं. अल्कोहोल त्यालाच दाबतं, त्यामुळं जेवढं प्यावं त्यापेक्षा जास्त बाहेर पडू बघतं. मूत्राशयात दोन-तीनशे मिली साठलं की पहिली हाक येते, चार-पाचशेला हाक राहत नाही, आरोळी होते. पावणेसहाला संपवलेली ६५० मिलीची बाटली पहिली हाक देते ती साधारण मातोश्रींच्या सत्काराच्या वेळी. तेव्हा उठलं तर चालतं, कारण निम्मं सभागृह उठबस करत असतं. पण भिडेपोटी माणूस तेव्हा दाबून धरतो आणि बरोबर आलापीला, सगळीकडं सामसूम झाल्यावर, त्याला उठावं लागतं. रांगेच्या मधली खुर्ची असेल तर अकरा जणांचे गुडघे ओलांडायचे. त्यातले दोन ओळखीचे निघतात, आणि सांगलीत ओळखीचा माणूस 'कुठं निघालास?' हे विचारल्याशिवाय गुडघा बाजूला घेत नाही. तोंड उघडून उत्तर दिलं की वास जातो.

वासाबद्दल एकदा स्पष्ट सांगितलेलं बरं. बडीशेप, वेलदोडा, मसाला पान, च्युइंगम ही सगळी तोंडापुरती औषधं. दारूचा वास रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात येतो. बडीशेप खाल्ली की वास जात नाही, फक्त दारू आणि बडीशेप असे दोन वास येतात. शेजारच्या काकूंना दोन्ही ओळखता येतात.

तेव्हा खुर्ची कडेची, मागच्या दाराजवळची घ्यावी. मैदानावरचा ऑर्केस्ट्रा असेल तर मिक्सर घेऊन बसलेल्या साऊंडवाल्याच्या मागं बसावं. तो स्वतःच्या कानाला बरं लागेल तसं जुळवत असतो, म्हणून सगळ्यात स्वच्छ आवाज तिथंच. पुढच्या रांगेत, बेसच्या डब्यासमोर बसलं तर गाण्यातला ढोल तेवढा पोटात ऐकू येतो, आणि पोटाची अवस्था वर सांगितलीच आहे. मित्राला सगळ्यात मागं उभं राहून हात वर करून टाळ्या वाजवायच्या असतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून ५० मीटरवर ठेका पोचायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. म्हणजे तो तालात असला तरी तबलेवाल्याला त्याची टाळी उशिराच जाणार, आणि दोन क्वार्टरनंतर तो तालात नसतोच.

मध्यंतरात जवळच्या परमिट रूममध्ये एक चक्कर मारून येऊ, ही सूचना हमखास येते. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. बाहेर पडायला तीन, मुतारीच्या रांगेत सात, परत खुर्ची शोधायला तीन. उरली दोन. दोन मिनिटांत बटाटेवडासुद्धा गिळता येत नाही. मध्यंतरात पाणी प्यावं, दोन ग्लास. उठाबस वाढते, पण सकाळी डोकं धरून बसावं लागत नाही.

बाकीचा क्रॉल मैफलीनंतर. उघड्या मैदानावर रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो. वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सूट असते, तेवढी सोडून. त्यामुळं सत्कारात गेलेला तास शेवटी गाण्यातून कापला जातो आणि नऊ पन्नासला भैरवी अशी पळवतात, की शेवटचा षड्ज आणि वायर गुंडाळणं एकदमच होतं. बंद नाट्यगृहात हा जाच नाही. तिथून बाहेर पडेपर्यंत परमिट रूममध्ये 'लास्ट ऑर्डर' सुरू झालेली असते आणि तीनातली दोन ठिकाणं आपोआप गळतात.

काही मैफलींना हा बेत करूच नये. मिरजेच्या दर्ग्यात उरसाला, १९३७ साली वारलेल्या गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं, तिथं चहा पिऊन जावं. दिवाळी पहाटेला प्रश्न नाही, साडेपाचला वेटरच झोपलेला असतो. आणि २ ऑक्टोबर किंवा मतदान संपण्याआधीचे ४८ तास कॅलेंडरवर बघून ठेवावेत. मित्राची सुट्टी बहुतेक वेळा नेमकी तेव्हाच असते.

गाडीचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. 'तीन तास गाणं ऐकलं की उतरतंय' हे साफ खोटं. ती एक स्ट्राँग बाटली शरीरातून पुरती जायला पाच तासांच्या आसपास लागतात, गाणं कितीही चांगलं असलं तरी. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बुलेट घरी ठेवावी. जाताना वडापची शेअर गाडी, येताना रिक्षा, आणि रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवावं. बसल्यावर ठरवलं तर मित्र रिक्षावाल्याला मिठी मारून आणखी पन्नास रुपये कबूल करतो.

शेवटी अंडाबुर्जीच्या गाडीवर हिशेब निघतो. बंगळुरूच्या पद्धतीनं तो मोबाईलच्या ॲपवर मांडतात: पेग वेगळे, पापड निम्मा निम्मा, तिकिटं समान. सगळं रुपयापर्यंत जुळतं. फक्त दोन सोडे कुणी सांगितले यावर एकमत होत नाही, आणि बुर्जीवाला तवा पुसत विचारतो, "पाव किती लावू?"