नारळीकर साहित्यिक होते की नव्हते? स्टेशन रोडच्या कट्ट्यावरचा वाद

"मोठा शास्त्रज्ञ गेला, यात वादच नाही," सर म्हणाले. "पण सकाळपासून जो तो ‘थोर साहित्यिक’ असं लिहितोय, ते काही मला पटत नाही. विज्ञान बाजूला काढलं तर त्या गोष्टींत उरतं काय?"

अप्पांनी बशी तोंडापर्यंत नेली होती, ती खाली ठेवली. "आणि यमक बाजूला काढलं तर तुझ्या कवितांत काय उरतं रे?"

२० मे २०२५, मंगळवारची रात्र. जेवणं उरकून आम्ही चाळीसगावच्या स्टेशन रोडवरच्या चहाच्या टपरीशेजारी बसलो होतो. खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथालेखक जयंत नारळीकर गेल्याची बातमी सकाळीच सगळ्यांना कळलेली होती, त्यामुळे ती कुणी कुणाला सांगितली नाही. सर म्हणजे कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. अप्पा रेल्वेतले, तेही निवृत्त. दोघे एकाच वर्गातले, म्हणून अरे-तुरे. महाराजांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, जोडीला कुंडली आणि वास्तू. बंटी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो आणि आमच्यात सगळ्यात लहान असूनही सगळ्यात कमी ऐकून घेतो.

सरांनी चष्मा पुसला. "हे बघ, साहित्यात अनुभूतीची सघनता लागते. नारळीकरांची पात्रं पुठ्ठ्याची आहेत. एक शास्त्रज्ञ बोलतो, दुसरा ‘म्हणजे काय?’ असं विचारतो, मग पहिला दोन पानं समजावून सांगतो. याला का कादंबरी म्हणायचं? आपल्या मातीतलं काय आहे त्यात?"

माती आली की मागोमाग देशीवाद, म्हणजे साहित्य आपल्याच मातीतून यावं हा आग्रह, येतो आणि देशीवाद आला की सांगवीचे कादंबरीकार भालचंद्र नेमाडे. ते यायच्या आतच अप्पांनी रस्ता अडवला.

"यक्ष, भस्मासुर, वामन, गणपती, पानिपत. यातलं कुठलं नाव केंब्रिजहून आलंय, सांग. ‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘वामन परत न आला’, ‘उजव्या सोंडेचा गणपती’, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. आजीच्या गोष्टीतली नावं आहेत ही. तुझ्या संग्रहाचं नाव काय होतं? ‘अस्तित्वाचे’... पुढे काय ते?"

"विषय बदलू नको."

"विषय तोच आहे. माणूस वाढला बनारसला, वडील तिथे विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. शिकला केंब्रिजला. त्याला इंग्रजीत लिहायला कुणी अडवलं होतं? पण पहिली गोष्ट त्यानं मराठीत लिहिली, आणि तीसुद्धा कशी पाठवली ते सांग या पोराला."

बंटीला खरंच माहीत नव्हतं. अप्पांनी सांगितलं ते असं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. नारळीकर दोन वर्षांपूर्वीच केंब्रिज सोडून मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) आले होते. केंब्रिजमधले गुरू, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळे घरोघरी नाव पोचलेलं, पद्मभूषण तर १९६५लाच मिळालेलं. त्या नावानं कथा आली असती तर परीक्षकांची काय बिशाद! म्हणून जयंत विष्णू नारळीकर यांनी आपली आद्याक्षरं उलटी फिरवून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ‘कृष्णविवर’ ही कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहून घेतली आणि पाठवून दिली. पहिलं बक्षीस मिळालं.

"आणि आता तुझ्या बक्षिसाचं सांगू?" अप्पा सरांकडे वळले. "परीक्षक कोण होता? तुझा साडू."

सर म्हणाले, "तो तेव्हा साडू नव्हता. लग्न नंतर झालं."

"बक्षीस दिलं म्हणूनच झालं!" बंटी ओरडला. पलीकडच्या रिक्षातले लोकसुद्धा हसले. चहावाला भाऊ आतून अहिराणीत म्हणाला, "कसाले भांडी ऱ्हायनात भो, चहा थंडा व्हई ऱ्हायना."

माझ्या मते, त्या टोपणनावातच नारळीकरांचा सगळा लेखक दिसतो. मोठेपण बाजूला ठेवून, गोष्ट स्वतःच्या पायांवर उभी राहते का, ते पाहायची त्यांची तयारी होती. सरांना मात्र ते पटलं नाही. त्यांनी आपला हुकमी पत्ता काढला. "साहित्य अकादमीनं २०१४चा पुरस्कार कशाला दिला? ‘चार नगरांतले माझे विश्व’ला. म्हणजे आत्मचरित्राला. एका कादंबरीला नाही, एका कथासंग्रहाला नाही. अकादमीला कळत नव्हतं का?"

सरांचा हा मुद्दा जड होता. अप्पाही क्षणभर गप्प बसले.

"नव्हतंच कळत," मग ते म्हणाले. "अकादमीला आणि तुम्हा सगळ्या मास्तरांनाही. विज्ञानकथेला तुम्ही मुलांच्या कपाटात कोंडलं. पहिलं ग्रंथकार संमेलन १८७८चं. विज्ञानकथा लिहिणारा अध्यक्ष व्हायला नाशिकचं ९४वं साहित्य संमेलन यावं लागलं, २०२१ साल. तोवर माणूस इतका थकला होता की प्रकृतीमुळे मांडवात येऊ शकला नाही. त्यावरही लोक बोललेच. आपल्या अमळनेरला संमेलन झालं तेव्हा तू तीन दिवस मांडवात होतास ना? विज्ञानकथेवर काय ऐकलंस, सांग."

सर म्हणाले, "जेवणाची सोय चांगली होती."

इथे महाराज जागे झाले. आतापर्यंत ते मोबाइलवर कुणाची तरी पत्रिका बघत होते. "माणूस मोठाच. पण ज्योतिषाच्या मागे उगाच लागले. ग्रहताऱ्यांचा एवढा अभ्यास, आणि ग्रहांचा परिणाम मानत नव्हते म्हणजे काय? आपले भास्कराचार्य..."

"आला पाटणादेवीला!" बंटी म्हणाला.

"येणारच! आपल्या इथल्या पाटण्याच्या शिलालेखात लिहिलंय, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादवांच्या सिंघण राजाचा ज्योतिषी होता. आहे की नाही, अप्पा?"

आहे. अप्पांनी मान्य केलं. १२०७च्या सुमाराचा तो लेख. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवानं तिथे मठ काढला, त्याची ही नोंद. पण अप्पा लगेच पुढे म्हणाले, "त्या काळचा ज्योतिषी ग्रहण कधी लागेल ते स्वतः गणित करून काढायचा. तू ॲपवर जन्मतारीख टाकतोस. चांगदेवाचा आणि तुझा संबंध एवढाच की दोघं चाळीसगाव तालुक्यातले. आणि नारळीकरांनी नुसतं नाकारलं नाही, तपासून पाहिलं. अंधश्रद्धा निर्मूलनवाले नरेंद्र दाभोलकर त्यांच्या सोबतीला होते. दोनशे मुलांच्या पत्रिका, शंभर हुशार आणि शंभर मतिमंद. ज्योतिषांनी पत्रिका बघून एवढंच सांगायचं की मूल यातलं कुठलं. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका सोडवून पाठवल्या. बरोबर किती आल्या? शेकडा ४६. नाणं उडवलं असतं तर पन्नास आल्या असत्या."

महाराज म्हणाले, "ते ज्योतिषी कच्चे असतील."

चहावाला भाऊ ग्लास उचलायला आला होता. "महाराज, तुना ग्रह तुले माहीत नहीत, दुसराना काय सांगशी? गये साल तुनी गाडी चोरी गयी, ती सापडनी का?"

गाडीचा विषय महाराजांना लागतो. त्यांनी पत्रिका बंद केली.

याच धाग्यावरून अप्पा परत सरांच्या पुठ्ठ्यावर आले, आणि माझ्या मते त्या रात्रीचं सगळ्यात खरं बोलणं हेच होतं. "‘धूमकेतू’ वाचलीस ना? दत्तांना आयुष्यभराच्या आकाश न्याहाळण्याचं फळ मिळतं, धूमकेतूला त्यांचं नाव लागतं. बायकोला मात्र पहिल्या दिवसापासून तो अपशकुनी वाटतो. पुढे कळतं की तो पृथ्वीवरच आदळणार आहे. शास्त्रज्ञ गुपचूप अण्वस्त्र घेऊन यान पाठवतात, त्याला वाटेवरून ढकलतात. संकट टळतं. इकडे घरी बायकोनं नातवाला बसवून शांतियज्ञ केलेला. तिला खात्री, की यज्ञानंच टळलं. आता मला सांग, ही बाई पुठ्ठ्याची आहे? माझ्या घरात आहे ती. तुझ्या घरात आहे. नारळीकर तिची टिंगल करत नाहीत, तिला खलनायिका करत नाहीत. फक्त दोघांना एका छपराखाली उभं करतात. विज्ञान जिंकलं तरी घरात हरलेलंच, हे तिच्यामुळेच कळतं."

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती गोष्ट अपवाद आहे." त्यांचा आवाज मात्र उतरला होता.

मी ‘धूमकेतू’ शाळेत असताना वाचली होती. तेव्हा धूमकेतू आणि बॉम्ब एवढंच लक्षात राहिलं. ती यज्ञ करणारी आजी मोठेपणी दिसली. पुन्हा वाचल्यावर गोष्ट वाढत असेल तर ती साहित्य नाही असं म्हणायला कुठला निकष लावायचा, ते सरांनी सांगावं.

बंटीला मात्र वामनाची घाई होती. "अप्पा, ती ‘वामन’ म्हणजे एआयच ना?" जमिनीखाली पुरातन पेटी सापडते, तिच्यातल्या ज्ञानातून यंत्रमानव बनतो, आणि त्याला आपल्यासारखे आणखी बनवायचे असतात. बळीच्या डोक्यावर तिसरं पाऊल कुणी ठेवायचं, एवढाच प्रश्न. "तेव्हा कुणाकडे घरी कॉम्प्युटर नव्हता आणि या माणसानं हे लिहून ठेवलं!" अप्पा म्हणाले, यात भविष्य सांगणं काही नाही. समजा असं झालं, तर पुढे काय काय होईल, एवढाच हिशोब शेवटपर्यंत नेटानं करायचा. हॉइलसाहेबांकडून ती सवय आली असेल. गुरूनं स्वतः १९५७ साली ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञानकादंबरी लिहिली होती.

"गुरूबरोबर हरलेही," सर म्हणाले. "विश्वाला सुरुवातच नाही म्हणत बसले. जगानं महास्फोट मानला."

"मानू दे. शेवटपर्यंत पुरावे मागत राहिला, हे कमी आहे? सगळे एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूला उभं राहायला छाती लागते. तू तर प्राचार्यांसमोर कधी रजासुद्धा मागितली नाहीस."

"पण हरलेल्यांबद्दल लिहायची हौस होती हे खरं," सर अडून बसले. "पानिपत कशाला काढलं?"

इथे सरांनी स्वतःच खड्डा खणला. अप्पांचा चेहरा उजळला. "पानिपत काढूच आपण. विश्वासरावांना लागलेली गोळी तीळभर बाजूनं गेली असती, तर मराठे जिंकले असते. अशा दुसऱ्याच इतिहासात गंगाधरपंत जाऊन पडतात. आता हे गंगाधरपंत कोण? इतिहासाचे प्राध्यापक. सभांचे अध्यक्ष होण्याचा षोक. ९९९ सभांचं अध्यक्षपद भूषवलेलं. तिकडे आझाद मैदानावर सभा चाललेली, व्यासपीठावर खुर्ची रिकामी. हे जाऊन बसले! त्या जगातले लोक अध्यक्षीय भाषणांना इतके विटलेले की त्यांनी टोमॅटो आणि अंडी मारून खाली उतरवलं. सर, पुठ्ठ्याचं पात्र म्हणतोस? अरे, हा तर तूच आहेस!"

बंटी बाकावरून घसरला. महाराजांनाही आपली गाडी विसरून हसू आलं.

"माझं पुस्तक परत दे," अप्पा हसता हसताच म्हणाले. "‘यक्षांची देणगी’ तुझ्याकडे आहे. पोरगी शाळेत होती तेव्हा नेलंस, तिची पोरं आता शाळेत जातात. साहित्य नव्हतं तर ठेवून कशाला घेतलंस?"

"शोधतो."

"सर," बंटीनं डोळे पुसत विचारलं, "उद्या वाचनालयात नारळीकरांची श्रद्धांजली सभा आहे ना? अध्यक्ष कोण?"

सरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "मीच आहे."

पुढची पाच मिनिटं कुणालाच बोलता आलं नाही. मग टपरीतून आवाज आला, "सर, टमाटा सध्या सस्ता शेतस!"