झाड म्हातारे झाले? मग आता हयगय नको

गोव्यात पर्वरी, फातोर्डा, खोर्ली, कुर्टी, कुठेही राहा; कॉलनी जुनी असेल तर तिच्यात म्हातारी झाडे असणारच. प्लॉट पडले, बंगले उठले तेव्हा कोणीतरी हौसेने लावलेला गुलमोहर, वळणावरचा पर्जन्यवृक्ष, आणि कॉलनीच्याही आधीपासून, भाटकाराच्या (म्हणजे जमीनदाराच्या) काळापासून उभा असलेला मानकुराद आंबा किंवा फणस. ही मंडळी आता एकदमच उतारवयाला लागली आहेत आणि त्यांचे करायचे काय, हा प्रश्न तुम्हाला छळतो आहे. तोडू नका. तोडणे हे अडाण्याचे काम. १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, परवानगी काढावी लागते, शिवाय शेजारी व्हिडिओ काढतात. शहाणा माणूस झाड तोडत नाही, त्याची निगा राखतो. मन लावून राखली तर पाच-सात वर्षांत झाड आपण होऊन जाते आणि तोवर तुम्ही कॉलनीच्या समितीचे अध्यक्षही झालेले असता.

झाड मरायला वेळ घेते, ही निसर्गाने तुमची करून ठेवलेली फार मोठी सोय आहे. आज मूळ तोडले तर शेंडा वाळायला दोन-तीन पावसाळे जातात. तेव्हा जेसीबी कोणी बोलावला होता, हे बोलावणाऱ्यालाही आठवत नाही.

सुरुवात जमिनीपासून करा. झाडाखाली माती उघडी असणे हे मागासलेपणाचे लक्षण आहे. पावसात चिखल, उन्हाळ्यात धूळ, आणि पाहुण्यांची गाडी लावायची कुठे? पेव्हर घाला. झाड जितके उंच तितकी मुळे खोल, अशी आपली समजूत आहे ती सोडू नका, फार उपयोगी आहे. प्रत्यक्षात पाणी आणि अन्न ओढणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेरवर पसरलेली असतात. आपल्याकडे तर बऱ्याच ठिकाणी थोड्याशा मातीखाली लगेच जांभा लागतो, त्यामुळे ती आणखीच वर राहतात. या मुळांना हवा लागते. म्हणून कंत्राटदाराला सांगा, खडी नीट दाबून घे, रोलर दोनदा फिरव, आणि पेव्हर थेट बुंध्याला भिडव, एक बोटभरही फट नको. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक-एक मीटर काँक्रीट काढायला लावले होते खरे, पण दिल्ली लांब आहे. तिथे आपल्यासारखा पाऊसही पडत नाही. आपल्याकडे पडतो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो सगळाच्या सगळा त्या पेव्हरवरून सरळ गटारात गेला पाहिजे. झाडाला आत प्यायला मिळता कामा नये.

ज्यांना पेव्हर परवडत नाहीत त्यांनी पार बांधावा. हा प्रकार मला व्यक्तिशः जास्त आवडतो, कारण त्यात संस्कृतीही येते. बुंध्याभोवती चिऱ्यांचा गोल कट्टा, आत दोन-अडीच फूट मातीची भर. बुंधा जिथे मुळांत उतरतो, तिथली साल उघड्यावर राहण्यासाठी असते. ती मातीत गाडली गेली की ओल धरते आणि सावकाश कुजते. वर्षानुवर्षे त्या कट्ट्यावर बसून निवृत्त मंडळी गोव्याच्या पर्यावरणाची चिंता करतात. खाली काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही.

मग चर. केबल, पाण्याची लाइन, सांडपाण्याची लाइन. खाती वेगवेगळी, पण चर पाडायची जागा एकच, झाडाला खेटून. इथे थोडे शास्त्र लक्षात ठेवा. आपल्याकडे पावसाळी वारे समुद्राकडून, म्हणजे पश्चिम-नैऋत्येकडून येतात. त्या वाऱ्यात झाडाला धरून ठेवतात ती वाऱ्याकडच्या बाजूची मुळे. तेव्हा चर झाडाच्या पश्चिमेने न्यावा. घर पूर्वेला असेल तर उत्तमच, झाड नेमके कुठे पडणार याची अनिश्चितता राहत नाही.

आता छाटणी. हा विषय मोठा आहे आणि त्यात आपण गोवेकर कोणाला हार जाणार नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शेजारचा माणूस कुंपणावरून ओरडतो, ‘कोसळटलें मरे तें!’ लगेच कोयता आणि करवत घेऊन दोघे जण येतात. त्यांना एकच सूचना द्या: शेंडा उडवा. बाजूच्या फांद्या मधेच कुठेही तोडा, हातभर खुंट ठेवा. तारांकडची बाजू तेवढी पूर्ण साफ करा आणि दुसरी भरगच्च राहू द्या, म्हणजे झाड एका अंगाला झुकेल. पुढच्या दोन महिन्यांत त्या खुंटांवर हिरवेगार कोंब फुटतात आणि तुम्ही लोकांना सांगू शकता, बघा, कसे तरारले! ते तरारणे भुकेचे असते. पाने गेली म्हणजे स्वयंपाकघर गेले, मग झाड साठवलेले सगळे खर्चून घाईघाईने नवी पाने काढते. हे कोंब सालीजवळून निघतात, आतल्या लाकडात रुजलेले नसतात, जुन्या भिंतीवर डिंकाने चिकटवलेल्या खुंट्याच म्हणा ना. चार वर्षांत त्यांचेच पुन्हा मोठे फाटे होतात, पण आता खालचा खुंट कुजलेला असतो. झाड आधी धोकादायक नसेल तर या रीतीने ते हमखास करता येते.

अ‍ॅलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन वनशास्त्रज्ञाने हजारो झाडे उभी-आडवी कापून पाहिली आणि सांगितले, की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंती घालते आणि सडका भाग कोंडून टाकते. फांदीच्या बुडाशी जो फुगीर गळपट्टा असतो, त्याच्या अगदी बाहेर कापले तर हे काम नीट होते. तो पट्टा कापला किंवा लांब खुंट ठेवला तर होत नाही. एका वेळी हिरव्या फांद्यांचा चौथा हिस्सासुद्धा काढू नये, म्हाताऱ्या झाडाचा तर त्याहून कमी, असेही जाणकार म्हणतात. म्हणू देत. त्यांना आपल्या कॉलनीत कोण बोलावणार? इथे नारळ पाडायला पाडेली मिळत नाही, झाड तपासायला माणूस कुठून आणायचा! कापलेल्या जागी डांबर किंवा उरलेला ऑइलपेंट फासून टाका. ओल आत छान टिकते.

बुंध्याशी तपकिरी, लाकडासारखी कडक भूछत्रे दिसू लागली तर घाबरू नका. मुळे आणि बुंधा आतून कुजत असल्याची ती खूण असते, पण खूण काढून टाकणे आपल्या हातात आहे. काठीने पाडा, वर चुना आणि गेरू लावा. मंत्री येणार असतील त्या आठवड्यात लावलात तर खर्च पंचायत करते.

पोकळी दिसली तर सिमेंट भरा. पोकळ झाडही बाहेरचे लाकूड पुरेसे जाड आणि निरोगी असेल तर वर्षानुवर्षे उभे राहते, आणि सिमेंट वाऱ्यात झाडाबरोबर हलत नाही, उलट आतून घासते. पण ढोली मोकळी ठेवली तर तिच्यात पिंगळा येतो, धनेशाची मादी स्वतःला आत लिंपून घेऊन अंडी घालते, आणि मग पक्षी बघणारे लोक दुर्बिणी घेऊन तुमच्या फाटकापुढे उभे राहतात. नकोच ते.

वाळलेली पाने बुंध्याशीच गोळा करून जाळा. चवथीपासून नाताळपर्यंत दिव्यांच्या माळा तारेने आवळून बांधा आणि तार काढू नका, साल ती हळूहळू गिळते. ‘प्लॉट विकणे आहे’चा फलक मात्र मोठ्या खिळ्याने ठोका.

एवढे करूनही एखादे झाड हट्टाने उभे राहिले तर व्याख्येकडे वळा. आपल्या राज्याने या बाबतीत वाट दाखवलेली आहे. २०१६ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि माड हे झाड राहिले नाही. माडाने काहीही केले नव्हते, तो होता तिथेच उभा होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा झाड झाला. शब्दांची निवड इतकी महत्त्वाची असते. ‘तोडले’ म्हणू नये, ‘विरळ केले’ म्हणावे. ‘उपटले’ म्हणू नये, ‘स्थलांतर केले’ म्हणावे. २०२५ साली पर्वरीच्या उड्डाणपुलासाठी खाप्रेश्वर देवस्थानाकडचा जुना वड असाच हलवला गेला. एवढ्या म्हाताऱ्या वडाने नव्या जागी रुळावे, अशी आपली अपेक्षा. आपल्याला स्वतःला भाड्याचे घर बदलले तर सहा महिने झोप लागत नाही.

आणि मग एक दिवस वादळ येते. मे २०२१ मध्ये तौक्ते आले तेव्हा गोव्यात शेकडो झाडे पडली, अग्निशामक दलाचे जवान रात्रंदिवस करवती चालवत होते. तुमचेही झाड पडेल. पडले की आधी उखडलेली मुळे पाहायला जाऊ नका. तिथे चर कुठून गेला, मुळे कुठल्या बाजूला सपाट कापली आहेत आणि पार किती उंच होता, सगळे उघडे पडलेले असते. ओंडके लवकर उचलून न्यायला सांगा, खड्डा त्याच संध्याकाळी बुजवून घ्या. गाडीचे फोटो चारही बाजूंनी काढा, वरची फांदी दिसली पाहिजे. विम्याच्या अर्जात नुकसानीचे कारण लिहायला पुष्कळ जागा सोडलेली असते, पण तिथे दोनच शब्द लिहा: नैसर्गिक आपत्ती.