पीएस२ला रेट्रो का म्हणायचं : मिरजेच्या दादांच्या कॉमेंटला उत्तर

दादा, नमस्कार. मागच्या पोस्टखालची तुमची कॉमेंट वाचली, दोनदा वाचली, आणि चार ओळींत उत्तर देऊन संपवण्यासारखी ती नाहीये म्हणून इथं सवडीनं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या माळ्यावरचा जुना टीव्ही गेम आणि सोनीचं प्लेस्टेशन २ (म्हणजेच पीएस२) असे दोन्हींचे फोटो टाकून मी 'घरातले रेट्रो कन्सोल' असं लिहिलं होतं. दादांचं म्हणणं, पीएस२ रेट्रो नाहीच, रेट्रो म्हणजे ८ बिट नाहीतर १६ बिट (मशीनचा प्रोसेसर एका वेळी किती माहिती हाताळतो तो आकडा), थ्रीडी आलं तिथं रेट्रो संपलं. दुसरं म्हणजे तो टीव्ही गेम चायनीज नक्कल आहे, ज्यांच्या घरी सेगा कंपनीचा खरा मेगा ड्राइव्ह कन्सोल होता त्यांच्यासमोर त्याला कन्सोल म्हणू नये. आणि तिसरं, या तुमच्या लहानपणीच्या आठवणी आहेत, त्याला रेट्रो नाव देऊ नका, असंच चाललं तर उद्या एक्सबॉक्स ३६०लाही रेट्रो म्हणाल.

आधी तुमचं जिथं बरोबर आहे ते. मारिओ १९८३चा असं मी लिहिलं होतं, ते साफ चूक. १९८३च्या जुलैत जपानमध्ये निन्टेंडो कंपनीची फॅमिकॉम ही मशीन आली, सुपर मारिओ ब्रदर्स हा गेम आला सप्टेंबर १९८५मध्ये. पोस्टमध्ये दुरुस्त केलंय, थँक यू.

आता बिटचं बघू. तुमच्या मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलवर मोठ्या अक्षरांत '१६ बिट' छापलेलं असतं, त्यामुळं तुम्हाला ते मोजमाप जवळचं वाटणं साहजिक आहे, पण त्या आकड्यावर रेट्रो ठरवायला गेलं की सगळा घोळ होतो. मॅटेलचा इंटेलिव्हिजन १९७९-८०चा, म्हणजे फॅमिकॉमच्याही आधीचा, आणि त्यातला प्रोसेसर १६ बिट! मग तो फॅमिकॉमपेक्षा नवा म्हणायचा का? एनईसीचा पीसी इंजिन १९८७चा, त्यात प्रोसेसर ८ बिट आणि ग्राफिक्सची चिप १६ बिट, आणि अमेरिकेत विकताना त्याच्या नावातच सोळाचा आकडा घातला. निन्टेंडो ६४ वर चौसष्ट लिहिलंय, त्यानंतर १९९८मध्ये आलेल्या सेगा ड्रीमकास्टचा मेन प्रोसेसर मात्र ३२ बिटवाला धरतात. तो आकडा कंपन्यांनी जाहिरातीसाठी वापरला आणि आपण पोरं तो धरून भांडलो, एवढंच. थ्रीडीचंही तसंच, पहिलं प्लेस्टेशन जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ला आलं, तीस वर्षं उलटून गेली, त्याला अजून नवं म्हणायचं हे माझ्या मनाला पटत नाही.

काहीजण म्हणतात वीस वर्षं झाली की रेट्रो. हाही नियम मला पुरत नाही, कारण वर्षं मोजायची कुठून? पीएस२ जपानात मार्च २०००मध्ये आला खरा, पण सोनीनं तो बनवणं थांबवलं २०१२ संपता संपता, आणि फिफा १४ सारखा गेम २०१३मध्येही पीएस२साठी निघाला. आपल्या सांगलीत तर २०१०च्या आसपास लोक नवा कोरा पीएस२ विकत घेत होते, कारण पीएस३ परवडत नव्हता. त्या माणसाच्या पीएस२चं वय काय धरायचं? आणि ब्राझीलमध्ये टेकटॉय कंपनी तुमचा लाडका मेगा ड्राइव्ह कितीतरी दशकं बनवून विकत राहिली. वयाच्या नियमानं तिथला मेगा ड्राइव्ह आपल्या पीएस२पेक्षा तरुण निघेल.

मग माझं मोजमाप काय, तर ते मला गेल्या दिवाळीत सापडलं, ते कसं ते सांगतो.

भाचा आलेला, नऊ वर्षांचा. माळ्यावरून टीव्ही गेमचा खोका काढला, कॅसेट काढून फुंकर मारली (फुंकरीनं काही होत नाही, उलट तोंडातल्या ओलाव्यानं पिना गंजतात, कॅसेट काढून परत घातल्यानं कॉन्टॅक्ट बसतो इतकंच, तरी हात आपोआप तोंडाकडं गेला), आणि टीव्हीच्या मागं बघतोय तर लाल, पांढरी, पिवळी पिन लावायला जागाच नाही. सगळे एचडीएमआय. मग बाजारात जाऊन कन्व्हर्टर आणला, चित्र आलं, मारिओ पळाला. भाचा खुश. मग मी बंदूक काढली, बदकाच्या गेमची. आणि एक बदक पडेना. अगदी स्क्रीनला नळी टेकवून मारलं तरी नाही. भाचा म्हणाला मामा बंदूक खराब आहे, मलाही तसंच वाटलं, स्क्रू काढून उघडली, आतली वायर तपासली, सगळं जागच्या जागी होतं.

खराब काहीच नव्हतं. ती बंदूक काही मारत नाही, ती बघते. तिच्या तोंडाशी प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर असतो. घोडा दाबला की गेम क्षणभर अख्खा पडदा काळा करतो आणि लगेच पुढच्या फ्रेमला (टीव्हीवर एकामागून एक येणाऱ्या चित्रांतलं पुढचं चित्र) बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो, आपल्याकडच्या टीव्हीवर ती फ्रेम म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. बंदुकीला आधी अंधार आणि बरोबर त्याच वेळेला उजेड दिसला तर नेम लागला. दोन बदकं असली तर दोन चौकोन एकामागं एक, म्हणजे उजेड कितव्या फ्रेमला दिसला त्यावरून कुठलं बदक ते कळतं. जुन्या डबा टीव्हीत सिग्नल आला की त्याच क्षणी काचेवर उमटतो म्हणून हे जमायचं. आताचा एलईडी टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतःकडं घेतो, मोठं करतो, साफ करतो आणि मग दाखवतो, त्यात कन्व्हर्टरचा उशीर वेगळा. चौकोन पडद्यावर येतो तोवर बंदुकीची वेळ संपलेली असते.

दुसऱ्या दिवशी गणपती पेठेच्या मागच्या बाजूला एक टीव्ही दुरुस्त करणारे आहेत त्यांच्याकडं गेलो, कोपऱ्यात धूळ खात पडलेला एकवीस इंची डबा टीव्ही होता, म्हणाले न्या उचलून, आता कोण घेतंय. घरी आणून लावला आणि पहिल्याच गोळीला बदक खाली! भाच्यानं जी किंकाळी फोडली ती ऐकून शेजारच्या वहिनी बघायला आल्या.

तर माझं म्हणणं हे आहे दादा. ती मशीन ज्या घरासाठी बनवली होती ते घरच आता राहिलं नाही, तो टीव्ही नाही, ती पिन नाही, कॅसेट भाड्यानं देणारं दुकान नाही, दुरुस्त करणारा नाही. चालू हालतीतली मशीन असून आजच्या घरात ती सरळ लावून खेळता येत नाही, तिच्यासाठी तिच्या काळाची सोय परत उभी करावी लागते, तेव्हा ती रेट्रो झाली. कंपनीनं बनवणं बंद केलं ही पहिली पायरी, भोवतालचं सगळं गेलं की काम पूर्ण.

या हिशोबात पीएस२ बसतो का? बसतो. २०१९च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं आणि पीएस२ टीव्हीच्या कपाटात होता. टीव्ही गेम माळ्यावर म्हणून वाचला. पाणी उतरल्यावर पीएस२ उघडला, आत गाळाचा थर, धुतला, वाळवला, पंखा फिरला, लाल दिवा हिरवा झाला, पण डिस्क वाचेना. लेन्स गेली. सांगलीत दोघांकडं, कोल्हापुरात एकाकडं गेलो, सगळ्यांचं उत्तर एकच, याचा माल आता येत नाही. शेवटी दुसऱ्या बंद पडलेल्या पीएस२मधून लेन्स काढून बसवली. आठ एमबीचं मेमरी कार्ड मात्र पुरातून वाचलं, त्यात माझ्या धाकट्या भावाचे २००७चे सेव्ह आहेत, लावले आणि त्यानं जिथं सोडलं होतं तिथून गेम सुरू झाला. एका मशीनचा जीव वाचवायला दुसरी मशीन फोडावी लागते, याला मी आजची मशीन म्हणू शकत नाही.

नकलेचा मुद्दा मला जरा लागला, खरं सांगतो. नक्कल होती हे मान्यच. उघडून बघितलं तर आत चिपच्या जागी काळ्या डांबरासारखा ठिपका असतो, त्याखाली फॅमिकॉमचं काम करणारं सर्किट. कॅसेटही फॅमिकॉमसारखी साठ पिनांची, फॅमिकॉमच्याच अमेरिकेतल्या मशीनची, एनईएसची, बहात्तरची होती. पण आपल्याकडं बहुतेक घरांत पोचली ती हीच. रशियात हेच डेंडी नावानं गेलं, पोलंडमध्ये पेगासस, आणि तिथली आता चाळिशीतली माणसं डेंडीलाच आपला पहिला कन्सोल म्हणतात, निन्टेंडोचं नाव त्यांना नंतर कळलं. अर्ध्या जगानं मारिओ आणि कॉन्ट्रा नकलेवरच खेळलाय. ते वगळून लिहिलेला इतिहास जपान-अमेरिकेचा होईल, सांगली-मिरजेचा नाही. तुमच्या घरी मेगा ड्राइव्ह होता हे तुमचं भाग्य, पण आमच्या गल्लीत नऊ लाख नव्व्याण्णव हजार गेमची कॅसेट होती, मेन्यूत तेच पाच-सहा गेम फिरून फिरून यायचे, आणि त्या एका खोक्यापुढं बारा पोरं बसायची. लाइट गेली की मारिओ परत पहिल्या लेव्हलपासून, सेव्ह नावाची गोष्टच नव्हती त्यात.

आणि आठवणींचं म्हणाल तर माझ्या भाच्याला कसली आठवण? तो २०१०नंतरचा. त्याला ते बदक पडताना जो आनंद झाला तो माझ्या लहानपणाचा नव्हता, त्याचा स्वतःचा होता.

राहिला एक्सबॉक्स ३६०. तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंत पण मी त्याला खरंच उंबरठ्यावर धरतो. २९ जुलै २०२४ला त्याचं ऑनलाइन स्टोअर बंद झालं, नवीन काही विकत घेता येत नाही, फक्त आधी घेतलेलं उतरवता येतं. पण एचडीएमआयची पिन त्याच्या नंतरच्या मॉडेलांना आहे, आजच्या टीव्हीला लागतो, म्हणून पूर्ण नाही. उलट निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा थ्रीडीएस २०११चा, वयानं लहान, पण मार्च २०२३मध्ये त्याचं ऑनलाइन दुकान बंद आणि एप्रिल २०२४मध्ये ऑनलाइन खेळणंही बंद, त्याला मी ३६०च्या आधी रेट्रो म्हणेन. आणि २०१६मध्ये निन्टेंडोनं तीस गेम भरून जो छोटा एनईएस काढला, एचडीएमआयला लागणारा, दिसायला अगदी जुना, तो माझ्या लेखी रेट्रो नाही. जुने गेम आहेत त्यात, मशीन आजची आहे. इथं तुमचं आणि माझं जमेल असं वाटतंय.

तुमचा मेगा ड्राइव्ह अजून आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत. असला तर एखाद्या रविवारी सांगलीला घेऊन या, डबा टीव्ही आमच्या पुढच्या खोलीतच ठेवलाय. फक्त येण्याआधी मागची एव्हीची पिन बघून सांगा, पहिल्या मॉडेलला गोल मोठी आठ पिनांची असते आणि दुसऱ्याला छोटी नऊ पिनांची, दोन्हींची केबल वेगळी लागते, म्हणजे मी आधीच शोधून ठेवतो.