‘सोचालिस्मो तास्काबिले’ हा प्रचाराचा अल्बम नव्हे

‘सोचालिस्मो तास्काबिले’ ही 1970च्या दशकात इटालियन कम्युनिस्ट पक्षाने काढलेली प्रचारगीतांची तबकडी आहे, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. ऑफलागा डिस्को पॅक्स या इटलीतील रेज्जो एमिलिया शहरातल्या तिघांच्या संगीतसमूहाचा हा पहिला अल्बम 2005 साली आला आणि तो एका लहान स्वतंत्र कंपनीने काढला. ज्या पक्षाच्या नावावर तो खपवला जातो, तो पक्ष 1991 सालीच विसर्जित झाला होता.

यात प्रचारगीते तर नाहीतच, पण रूढ अर्थाने गायनही नाही. एन्रिको फोंतानेल्ली आणि दानिएले कार्रेत्ती यांच्या सिंथेसायझर, बास व गिटारच्या संथ आवर्तनांवर मॅक्स कोल्लिनी सपाट स्वरात स्वतःच्या आठवणी सांगतात. ‘रोबेस्पिएर’ या कथनात 1975 साली दुसरीची परीक्षा देणारा मुलगा, जॅकोबिनांचेच (फ्रेंच राज्यक्रांतीतल्या जहाल गटाचेच) बरोबर होते, असे बाईंना ठामपणे सांगतो आणि बाई पुढचा प्रश्नच विचारत नाहीत. ‘पिक्कोला पिएत्रोबुर्गो’ हे लेनिनचा अर्धपुतळा आजही चौकात जपणाऱ्या काव्रियागो गावाविषयी आहे.

अल्बम डाव्या विचारांचा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि हरवलेल्या जगाबद्दलची हळहळ म्हणजे पक्षाचा प्रचार नव्हे, आणि इतक्या खाजगी, हळव्या कथनावर तो शिक्का मारणे हा त्याच्या कर्त्यांवर, विशेषतः 2014 साली निवर्तलेल्या फोंतानेल्ली यांच्यावर, अन्याय आहे. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी निदान प्रकाशनाचे वर्ष तरी दुरुस्त करावे.