'पहिली गाडी डिझेलच घ्या' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोणी पहिली गाडी घेतोय असं नुसतं बोलला की तो मेसेज त्याच्याकडे येतोच. डोळे झाकून डिझेल घ्या, ॲव्हरेज जास्त म्हणून वरचे पैसे वर्ष-दोन वर्षात वसूल, इंजिन पेट्रोलच्या दुप्पट चालतं, स्पार्क प्लग नाही म्हणून मेंटेनन्स कमी, पॉवर जास्त, आता धुराला फिल्टर आल्यामुळे प्रदूषण नाही, फिल्टर चोंदला तर महिन्यातून एकदा हायवेला पळवा, आणि विकताना भाव चांगला. सगळे मुद्दे एकेका ओळीचे, आणि प्रत्येकात थोडं खरं आहे म्हणून तर ते पटतात. पण पहिली गाडी घेणारा माणूस बहुतेक वेळा लोन काढून घेतो, त्याच्याकडे दुसरी गाडी नसते आणि अचानक मोठं बिल आलं तर ते भरायला पैसे बाजूला काढलेले नसतात, त्यामुळे अर्धवट खऱ्या गोष्टीचा फटका सगळ्यात जास्त त्यालाच बसतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"ॲव्हरेज जास्त, वरचे पैसे लगेच वसूल"

डिझेल जास्त ॲव्हरेज देतं हे खरंच आहे, त्यात वाद नाही. पण का देतं ते बघा. एक लिटर पेट्रोल साधारण ७४०-७५० ग्रॅम भरतं आणि एक लिटर डिझेल ८३०-८४० ग्रॅम, म्हणजे डिझेलच्या लिटरमध्ये मालच जास्त असतो आणि ऊर्जा १०-१५ टक्के जास्त मिळते. आपण लिटरवर मोजतो म्हणून ॲव्हरेजमधला बराचसा फरक, जवळजवळ निम्मा, तिथेच येतो. उरलेला फरक मात्र इंजिनाची खरी कमाई. पेट्रोल इंजिन आतलं मिश्रण साधारण १० ते १२ पट दाबतं, डिझेल हवा १५ ते १८ पट दाबतं, आणि शिवाय पेट्रोल इंजिनाला हळू चालताना हवेची वाट अर्धवट बंद ठेवून हवा ओढावी लागते त्यात ताकद वाया जाते, डिझेलला तसं करावं लागत नाही.

आता वसुलीचा हिशेब. प्रत्येकाचा देश, भाव, टॅक्स वेगळा, म्हणून पैशात न मोजता पेट्रोलच्या लिटरमध्ये मोजा, म्हणजे कुठेही लागू पडेल. समजा पेट्रोल गाडी १८ देते आणि तेच मॉडेल डिझेलमध्ये २३ देतं. १०,००० किलोमीटरला पेट्रोल लागणार साधारण ५५५ लिटर आणि डिझेल ४३५, वाचले १२०. डिझेल गाडी जर १,२०० लिटर पेट्रोलच्या किमतीइतकी महाग असेल आणि दोन्ही इंधनांचा भाव सारखा धरला तर बरोबरीत यायला १ लाख किलोमीटर लागतात. डिझेल १० टक्के स्वस्त धरलं तरी ७३ हजारच्या आसपास. वर्षाला ८-१० हजार रनिंग असलेल्या माणसाला हे ७ वर्षांपासून १२ वर्षांपर्यंत कितीही लागू शकतात, आणि यात वरच्या रकमेवरचं व्याज धरलेलं नाही, इन्शुरन्समधला फरक धरलेला नाही, सर्व्हिसिंगमधला फरक धरलेला नाही. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घाला आणि स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. वर्षाला ३० हजार रनिंग असेल तर हाच हिशेब डिझेलच्या बाजूने झुकतो, ते पण तितकंच खरं.

अजून एक, ॲव्हरेजच्या आकड्यात एक फसवी गोष्ट आहे. १२ वरून १५ आणि २० वरून २५, दोन्हीकडे २५ टक्केच वाढ. पण १०० किलोमीटरला पहिल्यात १.६७ लिटर वाचतं आणि दुसऱ्यात फक्त १ लिटर. म्हणजे गाडी जितकी छोटी आणि मुळातच कमी पिणारी तितकी डिझेलची बचत आटते, आणि पहिली गाडी बहुतेकांची छोटीच असते. मोठ्या जड गाडीला लागू पडणारा हिशेब लोक छोट्या हॅचबॅकला लावतात, इथेच गडबड होते.

"इंजिन दुप्पट चालतं"

डिझेलमध्ये दाब जास्त म्हणून इंजिनाचा ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळं जाडजूड बनवावं लागतं, आणि ट्रकची इंजिनं लाखो किलोमीटर चालतात, त्यावरून हा समज आलाय. ट्रक दिवसभर गरम इंजिनावर एका लयीत चालतो, तुमची गाडी ४ किलोमीटर जाऊन बंद होणार आहे, तुलना तिथेच संपते. वेळेवर ऑइल बदललेलं आजचं पेट्रोल इंजिन २ लाख किलोमीटर आरामात जातं आणि पहिली गाडी त्याच्या खूप आधी विकली जाते. शिवाय गाडी जुनी होताना खर्च ब्लॉकवर होत नाही, तो होतो भोवतीच्या सामानावर, त्यावर पुढे येतोच.

"स्पार्क प्लग नाही म्हणून मेंटेनन्स कमी"

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण हा वाचून लोक खरंच फसतात. स्पार्क प्लग नाहीत, बरोबर. त्याच्या जागी काय आहे ते पण सांगा ना. थंड इंजिन चालू करायला ग्लो प्लग आहेत. १,६०० ते २,५०० बार दाबाने डिझेल मारणारा पंप आणि इंजेक्टर आहेत, जे पाण्याचा अंश किंवा कचरा सहन करत नाहीत म्हणून डिझेल फिल्टर वेळेवर बदलावाच लागतो. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, आजकाल जवळजवळ सगळ्याच डिझेलमध्ये आहे. धक्के शोषायला बऱ्याच गाड्यांत दोन भागांचं फ्लायव्हील असतं, ते क्लचबरोबर बदलायची वेळ आली की बिल भलतंच वाढतं. ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, काजळीने चोंदतो. काही गाड्यांत धूर स्वच्छ करायला ॲडब्लू भरावं लागतं, म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी, आणि ते पूर्ण संपू दिलं तर बऱ्याच गाड्या परत स्टार्टच होत नाहीत. आणि या सगळ्याच्या वर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर.

डीपीएफ नीट समजून घ्या कारण पहिल्या गाडीचा निर्णय माझ्या मते याच्यावरच ठरायला पाहिजे. हा फिल्टर धुरातली काजळी पकडून ठेवतो आणि भरत आला की ती जाळून टाकतो, त्यासाठी आत साधारण ६०० अंश तापमान लागतं. ते आणण्यासाठी गाडीचा कॉम्प्युटर थोडं जास्तीचं डिझेल उशिरा सोडतो म्हणजे उष्णता मागे फिल्टरपर्यंत जाते, आणि हे काम पुरं व्हायला गरम इंजिनावर सलग १०-२० मिनिटं बऱ्या वेगाने गाडी चालायला लागते. दर काही शे किलोमीटरला ही वेळ येते. आता तुम्ही मुलांना शाळेत सोडून परत, ऑफिस ५ किलोमीटर, संध्याकाळी मार्केट असे फिरत असाल तर प्रत्येक वेळी काम अर्ध्यावर असताना चावी बंद होते. परत सुरू, परत बंद. त्यात डिझेल इंजिन उष्णता कमी वाया घालवतं म्हणून ते गरम व्हायलाही पेट्रोलपेक्षा जास्त वेळ घेतं, म्हणजे छोट्या फेरीत ते धड गरमच होत नाही. आणि उशिरा सोडलेलं ते डिझेल सगळं मागे जात नाही, थोडं सिलेंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, डिपस्टिकवर लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते. पातळ ऑइलवर टर्बो फिरत राहिला की त्याचं बेअरिंग जातं. हे काही एखाद्या कंपनीच्या गाडीचं रडगाणं नाही, या सिस्टमचं कामच असं चालतं.

ज्यांनी आधीच डिझेल घेतलंय त्यांनी एवढं लक्षात ठेवा. गाडी उभी असताना आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) नेहमीपेक्षा थोडा वर, फॅन जोरात, मागून गरम वास आणि चालताना ॲव्हरेज अचानक खाली, असं एकत्र दिसलं तर फिल्टर साफ व्हायचं काम चालू आहे. घर आलं तरी शक्य असेल तर १०-१५ मिनिटं अजून फिरवून या. आणि इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेलं कमी राखेचंच घाला, कारण काजळी जळते पण ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची साठते.

"महिन्यातून एकदा हायवेला पळवा, फिल्टर साफ"

महिन्यातून एकदा पुरत नाही. फिल्टर काही शे किलोमीटरमध्ये भरतो, महिनाभर शहरात फिरलात तर मधल्या दोन-तीन वेळा अर्धवटच राहिल्या. दर आठवड्याला अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर जाणं होत असेल तर ठीक, पण ते तुमच्या कामाचं जाणं असलं पाहिजे. फिल्टरसाठी डिझेल जाळत फिरायचं असेल तर वाचवलं काय?

याच्याच पुढची आवृत्ती म्हणजे 'त्रास झाला तर फिल्टर काढून टाका, मेकॅनिक करून देतो'. कृपा करून हे करू नका. बऱ्याच देशांत ते बेकायदेशीर आहे, तपासणीत गाडी नापास होते, आणि ती काजळी मग तुमच्या गाडीमागून येणाऱ्या स्कूटरवर बसलेल्या पोराच्या छातीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलाय, तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्याच.

"आता डिझेल प्रदूषण करत नाही"

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा २.६५ च्या आसपास. वरच्याच १८ आणि २३ च्या उदाहरणात किलोमीटरला पेट्रोलचा १२८ ग्रॅम, डिझेलचा ११५. म्हणजे डिझेल १० टक्के कमी, हे मान्य. पण शहरात श्वासाला त्रास देतात ते नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळी, आणि तिथे डिझेलची सगळी भिस्त त्या फिल्टर, ईजीआर, युरियाच्या सिस्टमवर आहे. ती चालू तर धूर खरंच खूप स्वच्छ, बंद तर काहीच खरं नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं ते याच गोष्टीवर, टेस्टमध्ये सिस्टम पूर्ण चालायची आणि रस्त्यावर कमी, जगभरात जवळपास १ कोटी १० लाख गाड्या, आणि काही गाड्यांचा नायट्रोजन ऑक्साइड अमेरिकेतल्या मर्यादेच्या ४० पटीपर्यंत. नवीन नियमांनंतर बरंच सुधारलंय, पण 'प्रश्न मिटला' हे म्हणणं चुकीचं.

"पॉवर जास्त"

जास्त असतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, आणि तो खालच्या आरपीएमला मिळतो. १.५ लिटरचं एखादं डिझेल १,७५० आरपीएमला २५० न्यूटन मीटर देतं, त्याच आकाराचं साधं पेट्रोल ४,४०० ला १४५. पण पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, गुणाकार केला तर त्या क्षणी डिझेल ४६ किलोवॅट देतंय आणि पेट्रोल ६७. म्हणून डिझेल पटकन ओढतं असं वाटतं आणि पेट्रोल वर चढवलं की पळतं.

इथे डिझेलचं एक कौतुक मनापासून करतो, नवीन शिकलेल्याला क्लच सोडताना ते जास्त सांभाळून घेतं, चढावर गाडी बंद पडायची भीती कमी. सामान भरून घाट चढायचा असेल तर डिझेलसारखं सुख नाही. पण आता टर्बो पेट्रोल पण १,५००-२,००० ला भरपूर टॉर्क देतात, तेव्हा फक्त यासाठी डिझेल घ्यायची गरज राहिलेली नाही, एकदा चालवून बघा.

"विकताना भाव चांगला"

कालपर्यंत होता म्हणून उद्या असेलच असं नाही. लंडनमध्ये २०१९ पासूनच्या स्वच्छ हवेच्या झोनमध्ये पेट्रोलला धुराचा जुना नियम युरो ४ चालतो, डिझेलला नवा, जास्त कडक युरो ६ लागतो. दिल्लीत २०१४-१५ च्या आदेशांनी गाडीच्या वयाला डिझेलसाठी १० वर्षं आणि पेट्रोलसाठी १५ वर्षं अशी रेघ ओढली होती. नियम बदलत राहतात पण जिथे बंधनं येतात तिथे बहुतेक वेळा आधी डिझेलवर येतात, आणि भाव त्याच्या मागे जातो.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट नवीन ड्रायव्हरसाठी महत्त्वाची. पेट्रोलचं नोझल बारीक असतं, ते डिझेल गाडीच्या तोंडात सहज जातं, उलटं मात्र बहुतेक ठिकाणी जात नाही. डिझेल स्वतःच पंपाला वंगण देतं आणि पेट्रोल ते धुऊन टाकतं, म्हणून चुकून पेट्रोल भरलं गेलं तर चावी सुद्धा फिरवू नका, गाडी ढकलत बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. स्टार्ट केली की पंप, इंजेक्टर सगळं पणाला लागतं.

ज्याचं रोजचं येणंजाणं ४०-५० किलोमीटर मोकळ्या रस्त्याचं आहे, वर्षाला २०-२५ हजारच्या वर रनिंग आहे, गाडी मोठी घ्यायचीय, त्याने डिझेल जरूर बघावं, त्याला ते शोभतं. बाकीच्यांनी पेट्रोल घ्यावं आणि वाचलेल्या पैशात चांगले टायर आणि एअरबॅग जास्त असलेलं मॉडेल बघावं. जुनी डिझेल घेत असाल तर तीन गोष्टी विचारा, आधीच्या मालकाचं रनिंग शहरातलं की बाहेरचं, ऑइल कोणतं घालत होता त्याची बिलं, आणि डीपीएफ जागेवर आहे का. डिपस्टिक काढून बघा, लेव्हल वरच्या खुणेच्या वर असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर ती गाडी सोडा. आणि बघायला जाल तेव्हा बॉनेटला हात लावा, इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना परत बघायला जा.